ठाणे-कल्याण परिसरातील गुरचरणे आणि आपला दूधधंदा

आपल्या गवळी समाजाच्या कोणत्याही मेळाव्यात एक वाक्य हटकून कानी पडते. पूर्वी ठाणे-कल्याणकडे दुधातुपाची रेलचेल होती. शहर वाढले, इमारती उठल्या आणि गाय गेली. वडीलधारी मंडळी हे सांगतात तेव्हा त्यांच्या मुद्रेवर जे समाधान दिसते ते मोडण्याची इच्छा कोणास होणार? परंतु इतिहास लिहावयास बसलेल्याने गोड वाटणाऱ्या गोष्टी पारखून घेतल्या पाहिजेत, आणि पारखू गेल्यास हे वाक्य अर्धेच खरे ठरते. या प्रदेशात गवत विपुल होते हे निर्विवाद आहे. दूध मात्र गवताच्या मानाने कधीच विपुल नव्हते. शिवाय गाय गेली ती इमारतींमुळे, हे म्हणणेही क्रम उलटा लावण्यासारखे आहे. प्रथम गवत राखण्याची रीत गेली, मागून गवताची जमीन गेली, आणि गाय सर्वांच्या शेवटी गेली. हा क्रम कसा घडला ते सांगणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम भूमीचा विचार करू. उल्हास, काळू आणि भातसा या नद्यांच्या खोऱ्यात तीन प्रकारची जमीन आढळते. सखल भागात भातखाचरे, खाडीकाठी खाजणे, आणि दोहोंच्या वर डोंगरउताराची वरकस जमीन. वरकस म्हणजे निरुपयोगी असा अर्थ शहरी मंडळी करतात. तो चुकीचा आहे. नाचणी, वरी, गवत, राबासाठी पालापाचोळा आणि चुलीसाठी काटक्या हे सारे वरकसातूनच येई. खाडीकाठच्या गावांत तिवराचा पालाही जनावरांस घालीत. भाताची कापणी उरकली की खाचरे सर्वांच्या गुरांस मोकळी होत, आणि शिमग्यानंतर गुरांचा सारा भार वाळलेल्या डोंगरावर व घरच्या पेंढ्यावर पडे. म्हणजे गावाच्या एकूण एक जमिनीवर वर्षाच्या कोणत्या ना कोणत्या महिन्यात गाईचा हक्क होता. तो कागदावर क्वचितच होता; वहिवाटीत मात्र पक्का होता.

या गाईचे स्वरूपही समजून घेतले पाहिजे. सह्याद्रीच्या पायथ्याशी, शहापूर, जव्हार, मोखाडा या बाजूस डांगी जातीची गुरे आहेत. डांगीच्या कातड्यातून तेलकट स्राव निघतो आणि त्यामुळे धो धो पावसातही तिला बाधा होत नाही. खाली समुद्राकडे लहान चणीची, काटक कोकणी गाय. तिला अलीकडे ‘कोकण कपिला’ या नावाने राष्ट्रीय नोंदीत स्थान मिळाले आहे. दोन्हींचा लौकिक दुधासाठी नव्हे. बैल चिखलात चालावा, गाय पावसात टिकावी, आणि वासरू पिऊन उरलेले दोन-अडीच शेर दूध घरात यावे, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा असे. दुधाचा धंदा करणारे आपले लोक पूर्वीपासून म्हशीकडे का वळले याचे उत्तर येथेच आहे.

गवत एवढे, मग दूध एवढेसे का? गाईच्या जातीला दोष देऊन मोकळे होणारे पुष्कळ आहेत. खरे कारण पावसात आणि गवताच्या वयात आहे.

आपल्याकडे वर्षास शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. आषाढात गवत झपाट्याने उठते. श्रावणात ते कोवळे असताना त्याच्या सुक्या वजनात शेकडा आठ ते दहा भाग प्रथिने असतात. अडीचशे किलो वजनाची गाय दिवसास सुमारे सहा किलो सुका अंश खाते. म्हणजे तिच्या पोटात पाचशे-सहाशे ग्रॅम प्रथिने जातात. अडीचशे-तीनशे ग्रॅम तिच्या देहाच्या पोषणास लागतात, आणि एक लिटर दुधामागे ऐंशी-नव्वद ग्रॅम खर्ची पडतात. हिशेब केल्यास श्रावणातील गाय केवळ गवतावर तीन लिटरांच्या आसपास दूध देऊ शकते. पुढे गवत फुलावर येते, बी धरते, काडी कठीण होते. कार्तिकात त्याच गवतात शेकडा तीन भाग प्रथिने उरतात, आणि सातांच्या खाली गेले की गाईच्या पोटातील जंतूंचेच पोषण होत नाही. मग चारा पचत नाही, आणि पचत नाही म्हणून ती खातेही कमी. अशा गवतातून तिच्या देहास पुरतील एवढीही प्रथिने मिळत नाहीत. चैत्रातील गाय दूध देत नाही यात तिचा काय अपराध?

यावर कोणी म्हणेल, गवत फुलावर असतानाच कापून वाळवावे. युरोपात शेतकरी तेच करतात आणि उत्तम प्रतीचे वाळले गवत गंजीत भरतात. पण आपल्याकडे गवत फुलावर येते तेव्हा आभाळ फाटलेले असते. कापलेले गवत दोन दिवस उन्हात पडावे अशी उघडीप भाद्रपद सरेपर्यंत मिळत नाही. कापले तर कुजते. म्हणून कापणी दसऱ्यानंतर, जेव्हा गवत वाळते पण त्यातील कस गेलेला असतो. ठाणे-कल्याणच्या दूधधंद्याचे मूळ दुखणे हेच. पूर्वजांच्या आळसाशी त्याचा काही संबंध नाही.

या अडचणीवर त्यांनी जो तोड काढला होता तो म्हणजे कुरण. मराठेशाहीत कुरण हा शब्द सरकारी होता. घोडदळाच्या गवतासाठी राखलेली जमीन ती कुरण. जनावरे रानात चारण्याबद्दल वनचराई घेतली जाई, आणि म्हशींवर म्हैसपट्टी असे. खेड्यापाड्यांतही लहान प्रमाणावर हीच रीत होती. पावसाच्या आरंभी डोंगराचा एक भाग बंद करावयाचा, गुराख्याने तेथे गुरे न्यावयाची नाहीत, दसऱ्यानंतर कापणी, आणि कापणी झाल्यावर सर्वांस मोकळीक. उरलेल्या भागावर गुरे पावसात चरत. गुराखी सर्व गावाचा असे व त्यास प्रत्येक घराकडून धान्य मिळे. कोणाची गाय बंद भागात शिरली तर गाव त्याला बोल लावी.

या बंदीत केवळ साठवणीचा विचार नव्हता. कोवळ्या गवतास पुन्हा पुन्हा तोंड लागले की त्याचे मूळ खचते. मारवेल आणि पवना ही आपल्याकडील चांगली गवते. गुरे ती आधी निवडून खातात, म्हणून अति चराईत आधी तीच नाहीशी होतात. त्यांच्या जागी कुसळी माजते, जिचे टोकदार बी जनावरांच्या तोंडात आणि माणसांच्या धोतरात सारखेच रुतते. कुसळीही गेली की उरतो तो उघडा मुरूम. नॉर्मंडीतील शेतकरी-शास्त्रज्ञ आंद्रे व्वाझँ याने १९५७ साली आपल्या फ्रेंच ग्रंथात सिद्धान्त मांडला, की एकदा चरलेल्या गवतास पुरती विश्रांती मिळाल्यावाचून दुसरा घास घेऊ देऊ नये. त्यासाठी कुरणाचे तुकडे पाडून गुरे पाळीपाळीने फिरवावीत. जगभर त्याचे नाव झाले. आपल्या गुराख्याने हा सिद्धान्त शब्दांत मांडला नव्हता, आणि तो पाळताना त्याला शास्त्र कळत होते असा दावा मी करणार नाही. वर्षातून एकदाच विश्रांती देण्याची आपली रीत व्वाझँच्या पद्धतीहून पुष्कळ स्थूल होती. तथापि ती होती.

ती मोडली कशी? १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि पुढील वर्षी, १८५४ मध्ये, ती कल्याणास पोहोचली. आगगाडीने माणसांइतकीच गवताचीही गती बदलली. मुंबईत घोडे होते, बैल होते, आणि वाढत्या वस्तीला दूध पुरविणारे म्हशींचे तबेले होते. चरावयास मात्र जागा उरली नव्हती. चराईवर कर बसला तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८३८ च्या सुमारास ठाकुरद्वाराजवळ वीस हजार रुपयांस जमीन घेऊन ती गुरांस मोकळी केली, आणि चरणीमुळे चर्नी रोड हे नाव पडले असे सांगतात. दुसरा एक पक्ष म्हणतो की ते नाव आपल्या ठाण्याच्या चेंदणीवरून, तेथून गिरगावात गेलेल्या लोकांनी नेलेले आहे. वादात निर्णय देण्याचे धाडस मी करीत नाही. एका नावात गिरगावची चरणी आणि ठाण्याची चेंदणी दोन्ही ऐकू याव्यात हा योगायोग मात्र मनोहर खरा.

मुंबईची चरणी संपली, तेव्हा तिची भूक ठाणे जिल्ह्यावर आली. डोंगरउतारांवरील गवत भाऱ्यांनी वखारीत, वखारीतून गठ्ठे बांधून आगगाडीने अथवा मचव्याने मुंबईस जाऊ लागले. ज्या उतारावर गावाची गाय चरे त्या उतारास बाजारभाव आला. मालकाने व सावकाराने तो कुंपण घालून स्वतःसाठी बंद केला. बंदी पूर्वीही होती. फरक इतकाच, की पूर्वी कापणीनंतर डोंगर गावास परत मिळे व गवत गावातच राही, आता गवत तबेल्यास जाऊ लागले.

दुसऱ्या बाजूने जंगल खात्याचा फास आवळला. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत रानाच्या वहिवाटीवर बंधने आली. येथील शेतकरी भाताच्या रोपासाठी राब भाजतो, म्हणजे फांद्या, पाला, गवत आणि शेण पसरून जाळतो व त्या राखेत बी पेरतो. राबास बंदी म्हणजे भातास बंदी, अशी हाकाटी झाली, आणि अखेर सरकारला १८८५ मध्ये चौकशीसाठी कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ मध्ये निघाला. या प्रकरणी शेतकऱ्यांची बाजू न्याय्यच होती. परंतु गाईच्या दृष्टीने पाहिल्यास राब हाही तिचा प्रतिस्पर्धीच. जे गवत व शेण आगीत जाई ते चाऱ्यास व खतास उणे होई. रान मोकळे होते तोवर दोन्ही भागे. रान आवळले तेव्हा शेतकऱ्याने भात निवडले, आणि ते स्वाभाविक होते.

आता एका अशा गोष्टीकडे वळतो, जी आपल्या स्मरणिकांच्या पानांवर येत नाही. मुंबईच्या तबेल्यास जाणारे हे गवत कापीत कोण होते? जिल्ह्याच्या उत्तर भागात ते प्रामुख्याने वारली बांधव कापीत, आणि वेठीच्या किंवा नाममात्र मजुरीवर कापीत. ७ जानेवारी १९४५ रोजी आपल्याच कल्याण तालुक्यातील टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली. तेथे उंबरगावकडील वारली मंडळी आली होती. त्यानंतर शामराव व गोदावरी परुळेकर त्या भागात गेले आणि वेठीविरुद्ध चळवळ उभी राहिली. त्याच वर्षी ऑक्टोबरात, गवतकापणीच्या ऐन दिवसांत, वारल्यांनी संप केला. मागणी एवढीच, की पाचशे पौंड गवत कापल्याबद्दल अडीच रुपये मिळावेत. तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच माणसे मेली.

पाचशे पौंड म्हणजे सुमारे सव्वादोनशे किलो. एका मोठ्या म्हशीचा तीन-साडेतीन आठवड्यांचा चारा. तेवढ्या चाऱ्याच्या कापणीसाठी अडीच रुपये मागणे भारी वाटावे, असा तो काळ. तबेलेवाला गवत वखारीतून विकत घेई. कापणाऱ्याला तो पाहत नसे. आपल्या समाजातील कित्येक कुटुंबांचा त्या काळचा चरितार्थ तबेल्यांवर चालला, आणि तबेले स्वस्त गवतावर चालले. पूर्वजांस दोषी ठरविण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांच्याही घरात सुबत्ता नव्हती आणि पहाटे तीनला धार काढावयास उठणे ही काही चैन नव्हे. पण दुधातुपाच्या दिवसांची आठवण काढताना त्या गवताची किंमत कोणी दिली हेही आठवले पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर सरकारने दुधाचा प्रश्न मोठ्या प्रमाणावर हाती घेतला. मुंबईच्या गल्ल्यांतील तबेले हलविण्यासाठी गोरेगाव येथे, ठाण्यास लागून असलेल्या साष्टीच्या डोंगरात, आरे दुग्ध वसाहत १९४९ मध्ये उभी राहिली. तीन हजार एकरांहून अधिक जमीन, तीसहून अधिक गोठे, सुमारे सोळा हजार जनावरे. दूध आयुक्त दारा खुरोडी यांच्या कर्तृत्वाचे ते फळ; १९६३ चे मॅगसेसे पारितोषिक त्यांस त्रिभुवनदास पटेल व व्हर्गीस कुरियन यांच्यासमवेत मिळाले. आरेत एक चांगला प्रयोग झाला. गोठ्यांचे धुवण वाया न घालवता त्यावर पॅरा गवताची शेते पोसली, आणि तेथील म्हशीस बारमाही हिरवा चारा मिळू लागला. वर सांगितलेली कोकणच्या वाळल्या गवताची अडचण आरेने अशी टाळली. पण हे कापून घातलेले गवत होते, चराई नव्हती. येथून पुढे गाय-म्हैस रानात जाणे हे मागासलेपणाचे लक्षण ठरले.

मुंबईतील आणखी जनावरे बाहेर काढण्यासाठी डहाणू तालुक्यात दापचरीचा प्रकल्प काढला गेला. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. त्यासाठी आदिवासींच्या जमिनी गेल्या, धरण झाले, गोठे झाले. परंतु आरेसारखा जम तेथे बसला नाही. १९७६ मध्ये शहरांतील गुरे पाळण्यावर व त्यांच्या ने-आणीवर नियंत्रण घालणारा राज्याचा कायदा झाला. एका बाजूने हे नियम आणि दुसऱ्या बाजूने आणंदचे, पुढे कोल्हापूर-संगमनेरकडचे पिशवीतील दूध, अशा कात्रीत येथला गवळी सापडला.

जमिनीची कथा त्याच वेगाने पुढे गेली. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी झाली. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले. साठीच्या दशकात डोंबिवलीस औद्योगिक वसाहत आली. ठाण्याची महानगरपालिका १९८२ मध्ये आणि कल्याणची १९८३ मध्ये स्थापन झाली. हे सर्व सर्वांस ठाऊक आहे. त्यावर अधिक लिहीत नाही.

गुरचरणाविषयी मात्र लिहिले पाहिजे. देशावर ज्यास गायरान म्हणतात त्यास आपल्याकडे गुरचरण म्हणतात. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात गावाच्या गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद झाली, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या २२ व्या कलमात ती कायम राहिली. कायद्याने जमीन राखली. जमिनीवरचे गवत कोणी राखावयाचे याबद्दल मात्र गावाची रीत हाच आधार होता, आणि तो तर आधीच ढासळला होता. ज्याची त्याची गुरे बारा महिने गुरचरणावर सुटू लागली. मारवेल गेले, कुसळी आली, कुसळीही गेली. मग तेथे मुरूम खणला गेला, कचरा पडला, झोपड्या झाल्या, कोठे शाळा व पाण्याची टाकी झाली. प्रत्येक वेळी युक्तिवाद एकच : जमीन पडीक आहे. ती पडीक झाली होती हे खरे, पण तो तिचा जन्मस्वभाव नव्हता. राखण संपल्याची ती खूण होती.

२८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातील जगपाल सिंग खटल्यात निकाल दिला, की गावाच्या सामाईक जमिनी गावास परत मिळाल्या पाहिजेत. त्यास अनुसरून महाराष्ट्र शासनाने १२ जुलै २०११ रोजी गायरानांच्या संरक्षणाचा निर्णय काढला. कागदोपत्री गुरचरण आज पूर्वीपेक्षा सुरक्षित आहे. परंतु कल्याण तालुक्यातील एखाद्या गावी जाऊन सातबाऱ्यावरील गुरचरण कोठे आहे असे विचारले, तर जमीन दाखविणारा कोणी ना कोणी भेटतो; तेथे पूर्वी कोणते गवत होते आणि ते कोणत्या महिन्यात बंद होई, हे सांगणारा क्वचितच भेटतो. मुरबाड-शहापूरकडे असे सांगणारे काही वृद्ध अजून आहेत.

कल्याणच्या दूधनाक्याने ते नाव अजून सोडलेले नाही. बलिप्रतिपदेस काही गावांत अजून गुरे सजवून आगीवरून उडवतात, जरी आता सबंध गावातून दहा-बाराच जनावरे निघतात. यातील काही जपावयाचे तर आधी त्याची नोंद हवी. आपल्या कुटुंबांतून जुन्या वनचराईच्या पावत्या, गवताच्या वखारीच्या वह्या, तबेल्याचे परवाने, गुराख्यास द्यावयाच्या धान्याच्या याद्या असतील, तर त्या रद्दीत न घालता संस्थेच्या कार्यालयात आणून द्याव्यात. नक्कल करून मूळ कागद परत करण्यात येतील. आणि ज्यांच्या घरी गुरचरणावर गुरे नेलेली माणसे अद्याप आहेत, त्यांनी त्यांना गवतांची नावे विचारून ती लिहून ठेवावीत : कोणते गवत कोणत्या डोंगरावर होते, ते केव्हा बंद होई, आणि बंद असताना गुरे कोठे नेत.